घराला धूर

माझ्या नवऱ्याची फुप्फुसं गेली, पण नाक शाबूत राहिलं. मुलुंडच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या खात्यात त्यांनी उभा जन्म काढला. निवृत्त झाले तेव्हा तीन मजले चढताना मध्ये दोनदा पायरीवर बसावं लागायचं. पण दारात आले की चप्पल काढायच्या आधी सांगणार, "आज डाळ खाली लागलीय." मी म्हणायचे, "लागली तर लागली! श्वास पुरत नाही माणसाला, पण चौकशा बऱ्या पुरतात." हे आमचं रोजचं चालायचं.

हे नाक त्यांना बापाकडून आलेलं. त्यांचं माहेर मनोरीचं. पुरुषाला माहेर नसतं म्हणतात, पण ज्या तोंडाने ते मनोरी म्हणायचे त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. समुद्राला लागून माडांची वाडी आणि वाडीच्या टोकाला खोबरं वाळवायची भट्टी. भट्टी म्हटलं की लोकांना विटांची धगधगती भट्टी दिसते, तसं काही नव्हतं. दोन मजल्यांएवढी उंच एक दगडी खोली. खाली जमिनीत खड्डा, त्यात करवंट्या आणि नारळाची सोडणं मंद पेटवायची. वर माडाच्या जाड वाशांवर पोफळीच्या पट्ट्या ठोकलेल्या, मध्ये बोटभर फट सोडून. त्या माळ्यावर फोडलेले नारळ मांडायचे. खालची ऊब फटींतून वर जायची, खोबऱ्याच्या वाट्या सुकायच्या आणि धूर छपराच्या शेंड्याला मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडायचा. त्या जागेवर परत एक छोटं कौलारू टोपरं, पाऊस आत येऊ नये म्हणून. माझे सासरे वाडीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून नुसत्या वासावरून सांगायचे, खोबरं झालं, की अजून एक रात्र हवी, की जाळ मोठा झालाय. माझा नवरा त्यांच्याजवळ उभा राहून ते शिकला.

मी लग्न होऊन आले तेव्हा भट्टी बंदच पडत चालली होती. नारळ शहाळी म्हणूनच विकले जायला लागले, मग खोबरं कोण वाळवणार? पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या. धाकट्या दिरांनी घर घेतलं आणि सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी त्याचं कॉटेज केलं. भट्टी आमच्या वाट्याला आली, कारण ती कोणालाच नको होती. त्या दिवशी हे परत येताना फेरीबोटीत असे बसले होते, जणू राज्य मिळालंय. मी म्हटलं, "अहो, काळंकुट्ट खोपट मिळालंय तुम्हाला. एवढं काय हरखायचं?"

निवृत्तीनंतर ते एकच गोष्ट घेऊन बसले. मला भट्टीत राहायचंय. आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या आजूबाजूला जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहत होते, दिवसभर सिमेंटची धूळ. खिडकी उघडली की खोकला, बंद केली की घुसमट. डॉक्टर म्हणाले, धूळ, धूर, काजळी यांच्यापासून लांब राहायचं, समुद्राची हवा मिळाली तर उत्तमच. यांना तेवढंच हवं होतं. "बघ, डॉक्टरपण म्हणतो. मला या खुराड्यात मरायचं नाहीये गं. तिथे मरायचंय." मी म्हटलं, "मरायची भाषा केलीत तर सोडून जाईन तुम्हाला." माझी आई मालवणची. ती म्हणायची, "माणसान मरणाची जागा ठरवू नये गो. ती जागा मगे वाट बघीत रवता." आईचं हे बोलणं मी त्यांना सांगितलं नाही.

तर आम्ही भट्टीचं घर केलं. मुलगा कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, त्याला त्यात फार उत्साह. जमिनीतला खड्डा भरून वर लाद्या बसवल्या. छपराच्या शेंड्याची मोकळी जागा काचेने बंद केली, म्हणजे उजेड येईल आणि वटवाघळं येणार नाहीत. कोपऱ्यात ओटा, मागे संडास-बाथरूम, खिडक्यांना जाळ्या. राहता राहिली काजळी. वाशांना बोट लावलं की बोट काळं. जोत्यापासून आढ्यापर्यंत दोन-तीन पिढ्यांचा धूर बसलेला. दोन बायका कामाला लावल्या, तिसरी मी. गरम पाण्यात सोडा घालून आम्ही एक एक वासा घासला. काळं पाणी उंबऱ्यातून बाहेर वाहत होतं आणि खालून मधाच्या रंगाचं लाकूड वर येत होतं. मुलगा म्हणाला, "आई, झकास! असं लाकूड आता मिळत नाही." वॉर्निश लावायचं ठरलं होतं, पण पहिल्याच वाशाला लावलं तर त्या वासाने यांना धाप लागली. म्हणून बाकीचं लाकूड तसंच उघडं ठेवलं. यात कोणाचं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही. ज्याला श्वास पुरत नाही त्याच्या डोक्यावर काजळी कोण ठेवेल? आज परत ती वेळ आली तरी मी परत घासेन.

पहिला हिवाळा मात्र सोन्यासारखा गेला. खरंच सांगते, मी स्वतः चकित झाले. हे सकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे, हळूहळू विहिरीपर्यंत जायचे आणि मध्ये न बसता परत यायचे. वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासावरून सांगायचे, आज वारा फिरला, उद्या गार पडेल. दिरांच्या कॉटेजमध्ये उतरलेली मुलं-मुली फोटो काढायला यायची. यांनी कौतुकाने सांगावं, "ही भट्टी आहे, बरं का," तर एक पोरगी म्हणाली, "पिझ्झाची ना अंकल?" हे इतके हसले की मला श्वासाचा पंप आणून द्यावा लागला. झोपताना वर बघून म्हणायचे, "वास मात्र गेला गं. सगळं मिळालं, तेवढा वासच राहिला." मी म्हणायचे, वास हवा, दम नको, असं चालतं का?

पावसाळा संपता संपता चादरीवर बारीक भुसा दिसायला लागला. मला वाटलं, हे अंथरुणात बसून बिस्किटं खातात. त्यावरून दोन दिवस भांडण. ते देवाशप्पथ नाही म्हणतायत आणि मी ऐकत नाही. तिसऱ्या दिवशी मी चादर झटकली, नवीन घातली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि समोर ठाण मांडून बसले. दुपारपर्यंत रिकाम्या पलंगावर परत भुसा. वर बघितलं तर वाशातून पीठ गळत होतं. भिंतीच्या कोपऱ्यातून मातीच्या बारीक बारीक नळ्या पार माळ्यापर्यंत चढल्या होत्या. वाळवी!

त्याच आठवड्यात माझी नणंद आली. ही यांची थोरली बहीण, बोरिवलीला दिलेली, जिभेने तिखट. मी तिला वन्सं म्हणते. दारातून आत पाऊल टाकलं आणि वर बघतच राहिली.

"हे वासे पांढरे कोणी केले?"

"घासले, वन्सं. काजळी होती."

"आणि धूर? घराला धूर देता की नाही?"

"कसला धूर?"

तिने कपाळावर हात मारला. मग भावाकडे वळली, "तू रे? तुला आठवत नाही? पावसात भट्टी बंद असली तरी आई दर आठवड्याला ओली सोडणं पेटवायची. घराला जेवायला घालते म्हणायची. माडाचं लाकूड आहे हे, सागवान नाही. धुरावर उभं आहे हे घर."

हे खाली मान घालून बसले होते. त्यांना आठवत होतं. पहिल्यापासून आठवत होतं, ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. धुराचं नाव काढलं असतं तर मी त्यांना इथे येऊच दिलं नसतं, म्हणून ते गप्प राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वन्संसमोरच मी म्हणाले, "म्हणजे माहीत होतं तुम्हाला! एवढं घासताना माझी कंबर मोडली, तेव्हा तोंड शिवलं होतं का?" ते म्हणाले, "वाटलं, माझ्यापुरतं टिकेल. मला कुठे फार दिवस हवंय?"

वन्संनी पदर डोळ्यांना लावला आणि मी चहा टाकायला उठले.

औषध मारणारा माणूस बोलावून बघितला. त्याने भिंतीच्या कडेला भोकं पाडून औषध सोडलं, वाशांवर फवारलं. त्या वासाने यांना दिरांकडे हलवावं लागलं, आणि औषध उडून जायच्या आत वाळवी दुसऱ्या कोपऱ्यातून वर चढली. मग वन्सं म्हणाल्या, त्याला आठवडाभर मुलुंडला ने, आपण घराला धूर देऊ, दारं उघडी टाकू, वास गेला की आण. मला पटलं. दुसरं काय होतं हातात?

मुलाने शेंड्याची काच काढून खाली भिंतीला टेकवून ठेवली. खड्डा तर आम्हीच बुजवलेला, म्हणून मोठ्या घमेल्यात सोडणं पेटवली, वरून ओली घातली आणि दार ओढून घेतलं. बाहेर येऊन बघितलं तर टोपऱ्याखालून धूर निघत होता, सरळ, निवांत. वन्सं हात जोडून उभ्या राहिल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं मी त्या जागेला खोपट म्हणत होते. चार दिवस आम्ही धूर दिला, मग पाणी मारून, फडके फिरवून, दारं सताड उघडी टाकली. मला तरी काडीचाही वास येत नव्हता.

ते आले. उंबऱ्यातच थांबले. डोळे मिटले, नाक वर केलं आणि मला म्हणाले, "बाबा आलेत की काय गं आत?" इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर मुलगा झाला तेव्हाही बघितला नव्हता. पलंगावर बसले, वाशांकडे बघत बसले, मागून भात घेतला. आणि संध्याकाळी श्वास अडकला. पंप मारला, वाफेचं मशीन लावलं, ओठ निळे पडायला लागले. दिरांनी फेरीबोट थांबवून ठेवली होती. ती एवढीशी खाडी ओलांडताना मी बोटीत त्यांच्या छातीवर हात ठेवून देवाला शिव्या देत होते. नवस वगैरे काही नाही, शिव्याच.

हॉस्पिटलमधून सुटले तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या घरात परत नाही. धुराचा वास असलेल्या कुठल्याही घरात नाही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. धूर दिला तर माणूस जाणार, नाही दिला तर घर. मी म्हटलं, "घर गेलं खड्ड्यात." हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी इथे राहतो. तू सांगशील ते औषध घेतो, नळी लावून पडून राहतो. पण आठवड्यातून एकदा तू जा आणि घराला धूर दे. बरा झालो की मग बघू." बरे होणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. तरी मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्यांनी औषध घ्यायचं सोडलं असतं.

तेव्हापासून दर आठवड्याला माझी वारी नाही, वरात म्हणा, निघायची. मुलुंडहून लिंक रोडची बस, मग दुसरी बस मालाडपर्यंत, मग मार्वेचा धक्का, मग फेरीबोट, आणि त्यापुढे उन्हातून चालत. या वयात! कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, घमेलं पेटवायचं, धूर शेंड्यातून नीट निघतोय ना बघायचं आणि परत फिरायचं. घरी आले की यांची पहिली मागणी, "पदर दे." नाकातली नळी बाजूला करायचे, माझ्या साडीचा पदर दोन्ही हातांनी नाकाशी धरायचे आणि जेवढा म्हणून श्वास होता तेवढा आत ओढायचे. मग खोकला यायचा, आतडी पिळवटणारा. मी पाठ चोळत ओरडायचे, "पुरे झालं! मारून घ्यायचंय का?" ते खोकता खोकता म्हणायचे, "आलं. घर आलं." त्या पदराने त्यांना त्रास होतो हे मला कळत होतं. तरी मी आंघोळ करून, साडी बदलून त्यांच्यासमोर गेले नाही. एकदाच गेले होते, तर हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ऑगस्टमध्ये दोन दिवस वाऱ्याने थैमान घातलं. दिरांचा फोन आला, "वहिनी, भट्टीचं छप्पर बसलं. आत कोणी नव्हतं ते बरं." कोण असणार? मुलाला घेऊन मी गेले. चारी भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या मध्ये कौलांचा ढीग. मधाच्या रंगाचे वासे कांडकं कांडकं होऊन पडलेले. एक उचलला तर हाताला वजनच लागेना, आत काही उरलंच नव्हतं. आमचा धूर फार उशिरा पोचला होता. गंमत म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेली काच धडधाकट उभी होती.

मुलगा म्हणाला, "आई, बाबांना सांगायचं नाही." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. त्या दिवशीही मी घमेलं शोधून काढलं. कोरडी सोडणं दिरांच्या पडवीतून आणली आणि कौलं बाजूला सारून त्या उघड्या भिंतींच्या मध्ये पेटवली. धूर सरळ वर न जाता वाऱ्याबरोबर इकडेतिकडे पळत होता. मी उठून उठून त्याच्या अंगावर जात होते, पदरात बसावा म्हणून. मुलगा दाराच्या रिकाम्या चौकटीत उभा राहून बघत होता. त्याला रडू फुटलं तेव्हा मी म्हटलं, "मूर्खासारखा रडू नकोस, बोट चुकेल."

असे तीन-चार महिने गेले. मी जाते, पेटवते, अंगावर घेते, येते. ते विचारायचे, शेंड्यातून निघतो ना? मी म्हणायचे, निघतो. माळा कोरडा आहे ना? आहे. वन्संना फोनवर सांगायचे, "ही आहे म्हणून घर आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे.

गेल्या आठवड्यात मी परत आले, ओट्यावर डाळ चढवली आणि नेहमीसारखा पदर त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाकाशी धरला. बराच वेळ धरला. या वेळी खोकला आला नाही, तेवढा श्वासच आत गेला नसावा.

"हा धूर छपराखालचा नाही गं," ते म्हणाले. "उघड्यावरचा आहे."

मी मग म्हटलं, "दारं उघडी होती."

"हो. दारं उघडी असतील." त्यांनी पदर सोडला नाही. विचारलं, "भिंती आहेत ना?"

"आहेत."

"मग पुढच्या वेळी भिंतीच्या आडोशाला बस. विहिरीकडच्या कोपऱ्यात. तिथे वारा कमी लागतो, धूर अंगाला नीट बसतो."

मी बरं म्हटलं. कधीपासून माहीत आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी नळी परत नाकात घातली आणि डोळे मिटले. मी आत गेले तर डाळ खाली लागली होती, सगळ्या घरात वास पसरला होता. मी दाराकडे कान देऊन उभी राहिले. ते काही बोलले नाहीत.